आधी कोण बसलं होतं

पाचूबंदर, वसई
२० जानेवारी २०२५

प्रिय रोझदीदी,

फोन तू उचलत नाहीस आणि व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक केलंयस, म्हणून तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर मेल टाकतेय. शिव्या घालायच्या तर घाल, पण आधी पूर्ण वाच. काम तुझ्याच लाइनमधलं आहे आणि इथे विचारायला दुसरं कुणी नाही.

आपला मासळी बाजार नवा होतोय. खरंच होतोय, पत्रे चढलेसुद्धा. सोळा फेब्रुवारीला, रविवारी, चर्चमधली मिस्सा सुटली की उघडायचा. फरशीचे ओटे, नळाचं पाणी, मासे धुतलेलं पाणी बाहेर जायला छान उतार. फक्त बायका जास्त आणि ओटे कमी. ज्या उरतील त्यांनी बाहेर गटाराजवळ ताडपत्रीखाली बसायचं, वरचा मजला होईपर्यंत. म्हणजे कधी, ते तू समजून घे.

बायकांच्या सोसायटीने नियम केलाय की जुन्या बाजारात दारापासून ज्या क्रमाने बसतात त्याच क्रमाने नव्यात नंबर. सोसायटीचा सेक्रेटरी काळूराम माझ्या मागे लागला, "तू माणिकपूरला कंप्युटरवर पुस्तकं बनवतेस ना, मग हे तूच कर."

सर्वे करणाऱ्या पोरांनी जुन्या बाजाराची जी फाइल दिली ती एक्सएमएल निघाली. बाजाराच्या पोटात रांगा, रांगेच्या पोटात ओटे, ओट्याच्या पोटात बाईचं नाव आणि तिच्या मासळी विकायच्या कार्डाचा नंबर. डब्यात डबे. ओटे बसल्या क्रमानेच लिहिलेत. मी एकेक रांग घेतली, तिच्यातला एकेक ओटा घेतला आणि पोझिशन छापली. तर प्रत्येक रांगेत पुन्हा एकपासून सुरू. चार रांगा, चौघी एक नंबरवर. काळूराम म्हणतो, "चौघींना एकाच ओट्यावर बसवतेस काय गं?"

ऑफिसात आम्ही नुसते टॅग लावतो, हे उलटंपालटं करायचं काम तुझं. सांग ना.

रेजीन मावशी बरी आहे. गुडघा दुखतो. हल्ली जेवायला आमच्याकडेच असते. तुझ्या आईचा स्वभाव तुला माहीत आहे, तुझी आठवण आली की भांडी घासायला घेते.

तुझी,
स्टेफी

*

पुणे
२३ जानेवारी

स्टेफी,

माझ्या कंपनीच्या पत्त्यावर घरचा चिखल आणू नकोस. एकदा उत्तर देते, कारण चुकीचा कोड बघितला की मला राहवत नाही.

पोझिशन म्हणजे बाई बाजारात कुठे बसलीय ते नव्हे. तू आत्ता हातात जो घोळका घेतला आहेस त्यात ती कितवी, एवढंच ती सांगते. तू एकेक रांग हातात घेतेस, म्हणून प्रत्येक रांगेत कुणीतरी पहिली. रांगा विसर. दोन तिरक्या रेघा देऊन बाजारातले सगळे ओटे एकदम उचल, म्हणजे घोळका एकच होईल आणि नंबर सलग लागतील. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. तू कुठे शिकलीस?

कुठे शिकलीस ते मला माहीत आहे, म्हणा. माणिकपूरच्या क्लासमध्ये, माझ्या आईच्या ओट्याच्या पैशावर. आई आजारी पडली त्या हंगामात मर्लिन मावशी आली आणि म्हणाली, "तू बरी हो, जागा मी धरून ठेवते." नंतर आई मासळीची पाटी घेऊन गेली तर तुझी आई हलेना. बाजाराचा कायदा सांगायला लागली, ज्या ओट्यावर जिची पाटी रिकामी झाली तो ओटा तिचा. सख्ख्या थोरल्या बहिणीला. त्या दिवसापासून आई बाहेर गटाराशी बसते. मीही बसले तिच्या शेजारी, माश्या वारत. माझ्या वर्गातल्या मुली आयांबरोबर मासे घ्यायला यायच्या आणि नाकाला रुमाल लावून आत जायच्या, तुझ्या आईकडे.

तेव्हा तुझा पहिला पवित्र ख्रिस्तप्रसाद होता. पांढरा झगा घालून तू आमच्यासमोरून गेलीस आणि हात हलवलास.

पुन्हा लिहू नकोस.

रोझलीन

*

पाचूबंदर
३ फेब्रुवारी

प्रिय रोझदीदी,

जमलं! सलग नंबर आले. काळूरामने मला सोसायटीच्या खर्चाने उसाचा रस पाजला, आणि मी सगळ्यांना सांगितलं की हे डोकं माझं नाही, रोझदीदीचं. मावशी तिथेच बसली होती. तिने बाजूच्या बाईला कोपर मारलं.

तू जे लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. मी तेव्हा सात वर्षांची होते दीदी, मी हात हलवला कारण तू मला आवडायचीस. बाकी तू म्हणतेस ते खरंच आहे, मी आईची बाजू घेत नाही. आईसुद्धा आता घेत नाही. नाताळच्या आधी पापनिवेदनाला गेली आणि घरी येऊन स्वयंपाकघरात नुसती उभी राहिली. त्यानंतर एक गोष्ट ठरली आहे. ती आत्ता सांगत नाही. सोळा तारखेला बाजार उघडला की मी तुला फोटो पाठवेन आणि मग तू मला अनब्लॉक करशील, पैज लाव.

तू येशील का त्या दिवशी? मी दादरपर्यंत घ्यायला येईन.

आई दाराशीच आहे, आत. काळजीचं काही नाही.

तुझी,
स्टेफी

*

पुणे
५ फेब्रुवारी

स्टेफी,

तुझ्या आईची काळजी मी करत होते हे मला नव्यानेच कळलं.

ती दाराशीच बसणार, याची मला खात्री होती. पापनिवेदन करून कुणी जागा सोडली असं मी आजवर ऐकलेलं नाही. देवाला सांगून टाकलं की माणसांना काही द्यावं लागत नाही, फार सोयीचं आहे.

फोटो पाठवू नकोस. मी येणार नाही.

रोझलीन

*

पाचूबंदर
११ फेब्रुवारी, दुपारी

रोझदीदी, प्लीज, एकच प्रश्न.

यादी तयार आहे. परवा आईने आणि मी एकेक नंबर जुन्या बाजाराशी ताडून बघितला, सगळे बरोबर. आज काळूरामने नवीनच टूम काढलीय. त्याला यादी कार्डाच्या नंबराने लावून हवी, लहान नंबर आधी, म्हणजे दारात उभं राहून कार्ड बघून नाव सापडेल. संध्याकाळच्या आत छापायला द्यायचीय, ओट्यांवरच्या नावांच्या पाट्या रंगवणारा वालीवहून येऊन बसलाय.

त्यासाठी सॉर्ट, म्हणजे क्रम लावायची ओळ लागते, एवढं मला माहीत आहे. पण ती ओळ कुठे टाकायची? मी शेवटी टाकली तर एरर येतो.

स्टेफी

*

पुणे
११ फेब्रुवारी

स्टेफी,

एकेक ओटा घेणारं ते फॉर-ईच उघडलं की लगेच, आतली पहिली ओळ. तिच्या आधी काही नको. आकडा म्हणून लाव, नाहीतर शंभर नंबर नऊच्या आधी येईल.

तू विचारलंस त्याचं हे बरोबर उत्तर आहे.

रोझलीन

*

पाचूबंदर
१५ फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळ

रोझदीदी,

काहीतरी भयंकर झालंय. त्या दिवशी तुझी ओळ टाकली, एरर गेला, कार्डाचे नंबर ओळीने आलेले बघितले आणि वालीववाल्याला फाइल दिली. ओट्यांचे नंबर मी परत बघितलेच नाहीत. कशाला बघू? ते तर दोनच दिवस आधी तपासले होते, त्या दिवशी फक्त लावायचा क्रम बदलला होता.

आज पाट्या ठोकताना बघायला गेले. नंबर सगळे बदललेत. दाराजवळच्या बायका जवळजवळ तशाच आहेत, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांची कार्डं जुनी, त्याही जुन्या. पण मधल्या इकडच्या तिकडे गेल्यात, आणि आमच्या घरचं एक नाव थेट बाहेर गेलंय, ताडपत्रीखाली, गटाराच्या तोंडाशी.

मी काळूरामकडे धावत गेले. तो म्हणाला, "बाय, यादी समद्यांनी बघितली. आता तुझ्या घरच्या बाईसाठी बदललं तर बाकीच्या मला कोयता घेऊन मारतील. कंप्युटर कुठं चुकला ते मला लिहून दाव. मिस्सा सुटेपर्यंत दावलंस तर पाट्या बदलतो. एकदा मासळीची पाटी उतरली की मी कोन सांगनार?"

दीदी, ते खरं आहे, तुलाच जास्त माहीत आहे. उद्या पहिली पाटी जिथे रिकामी होईल तिथे ती बाई कायमची.

काय चुकलं? तू एक ओळ लिहून पाठव, कारण काय ते. मी तुझ्या पाया पडते.

स्टेफी

*

पुणे
१५ फेब्रुवारी

स्टेफी,

पाया पडायची गरज नाही, मी सांगते. चार दिवस या पत्राची वाट बघतेय.

पोझिशन म्हणजे हातातल्या घोळक्यात बाई कितवी, हे मी तुला जानेवारीतच लिहिलं होतं. तू वाचलंस, समजलं नाहीस. सॉर्ट लावलं की घोळका हातातच नव्याने लागतो आणि पोझिशन त्या नव्या क्रमाची येते. फाइलमध्ये कोण आधी बसलं होतं, ते तिला कुणी विचारलेलंच नसतं. तुझे ओट्यांचे नंबर म्हणजे आता नुसता कार्डांचा क्रम. मला हे त्या दुपारीच दिसत होतं. तू विचारलंस ओळ कुठे टाकू, मी सांगितलं कुठे टाकायची ते. नंबरांचं काय होईल, हे तू विचारलं नाहीस.

आणि मर्लिन मावशीचं कार्ड कधीचं, हे मला पाठ आहे. माझ्या आईचा ओटा गिळल्यावर तिने ते काढलं. बाजारातल्या सगळ्या बायकांत उशिराचं. तेच कार्ड तिला आज बाहेर घेऊन गेलं. मी फक्त गप्प बसले. गप्प कसं बसायचं ते मी आईकडून शिकले.

काळूरामला कारण लिहून हवंय ना? हे पत्र दाखव. सगळं यात आहे, फक्त तुझ्या आईने सख्ख्या बहिणीशी काय केलं तेही आहे. ते बाजारात मोठ्याने वाचून दाखवायची हिंमत असेल तर वाच आणि बदलून घे पाट्या.

नाहीतर बसू दे तिला. त्या उताराने आतलं सगळं घाण पाणी तिच्या पायांवर येऊ दे. बोटं सडू देत तिची, नखं गळू देत. गुडघे धरून उठताना कुणी हात देऊ नये तिला. लोकांनी नाकाला रुमाल लावून तिच्यासमोरून आत जावं, आणि तिच्या पोरीने ते रोज बघावं. म्हातारी तिथेच मेली तरी मी मातीला येणार नाही.

रोझलीन

*

पुणे
१८ फेब्रुवारी

स्टेफी,

दोन दिवस झाले. तुझा फोटो आला नाही. पैज लावणार होतीस.

कुठे बसली मग तुझी आई?

रोझलीन

*

पाचूबंदर
१९ फेब्रुवारी

रोझलीन,

आई आत बसली. दाराजवळच्या रांगेतून मागच्या रांगेत गेली, एवढंच. तू गेल्यावर बाजारात कितीतरी नव्या सुना आल्या, त्यांची कार्डं आईच्या कार्डानंतरची. तुला वाटलं तू गेलीस तेव्हा बाजार जसा होता तसाच थांबून राहिला असेल.

तू विचारलंस त्याचं उत्तर संपलं. न विचारलेलंही सांगते.

नाताळच्या आधी आई पापनिवेदन करून आली आणि मला म्हणाली, "रेजीनचं नाव माज्या आधी लिव. ओटे पुरले नाय तर माजं काड." जानेवारीत सोसायटीच्या मीटिंगमध्ये तिने हे उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं, चोरी केली होती असा शब्द वापरून. म्हणजे तू जे बाजारात वाचून दाखवायला मला घाबरवत होतीस ते बाजाराला जानेवारीपासून माहीत होतं. बायका रडल्या. काळूराम पण रडला, पण तो कशालाही रडतो. मी फाइल उघडली आणि माझ्या आईच्या ओट्याच्या वर एक नवा ओटा लिहिला. पहिला. रेजीन मावशीचा. तो फोटो मला तुला पाठवायचा होता.

कार्डाशिवाय ओटा मिळत नाही. मावशीचं जुनं कार्ड आजारपणातच रद्द झालं होतं, बाहेर बसणारीला कुणी विचारत नाही म्हणून तिने पुन्हा काढलं नव्हतं. मी तिला रिक्षाने घेऊन गेले, फोटो काढला, अंगठा दिला. जानेवारीत हातात आलं. बाजारातलं सगळ्यात नवं कार्ड, सगळ्यात मोठा नंबर. आता तू हुशार आहेस, पुढचं तुला कळलं असेल.

शनिवारी ताडपत्रीखाली गेलेलं नाव तिचं होतं. आमच्या घरचं असं मी लिहिलं, कारण ती आमच्यात जेवते.

आता माझं ऐक. तुझं पत्र आलं तेव्हा आई आणि मावशी दोघी अंगणात बोंबील उलटत होत्या. काळूरामचं घर आमच्यापासून हाकेवर. तू दुरुस्ती सांगितली नव्हतीस, पण कारण सांगितलं होतंस आणि तेवढं पुरत होतं. सॉर्टची ती एक ओळ उडवली की नंबर जागेवर. फोनवर पत्र उघडं ठेवून मी चपला घातल्या होत्या. दारात उभी राहून शेवटपर्यंत वाचलं. बोटं सडू देत, नखं गळू देत, उठताना कुणी हात देऊ नये. माझ्या आईला तू हे लिहीत होतीस. वर बघितलं तर मावशी गुडघा धरून उठत होती आणि आई तिला हात देत होती. मला तेव्हा ती माझी मावशी दिसलीच नाही, तुझी आई दिसली. मी चपला काढून ठेवल्या.

रविवारी मिस्सा सुटल्यावर ती नवं लुगडं नेसून आली, डोक्यावर पापलेटांची पाटी. तिला पहिला ओटा माहीत होता, मीच सांगितला होता. सरळ तिथे गेली आणि पाटी टेकवली. काळूराम म्हणाला, "रेजीनबाय, इथं नाय. यादीत तुमचं बाहेर हाय." तिने ओट्यावर ठोकलेल्या पाटीवरचं नाव बघितलं. वाचता येत नाही तिला, तरी बघत राहिली. आईने तिचा हात धरला, माझ्या ओट्यावर बस म्हणाली, दोनदा म्हणाली. मावशी म्हणाली, "मी कोनाच्या ओट्यावर बसनार नाय." आणि बाहेर जाऊन गटाराच्या तोंडाशी तिने पाटी रिकामी केली. सगळ्या बायकांनी बघितलं. आता ती जागा तिची.

आई घरी येऊन माझ्याशी बोललेली नाही. तिला वाटतं मावशीचा नंबर मीच मागाहून बदलला. मी तुझं पत्र तिला दाखवलं नाही, दाखवणारही नाही.

मावशीने मात्र मला विचारलं, "यादी कोनी केली गं?" मी म्हणाले, रोझलीनने. आधीपासून सगळ्यांना तेच सांगितलेलं होतं, खोटं काही नाही त्यात.  ती म्हणाली, माझ्या पोरीने केली म्हणजे विचार करूनच केली असेल, शिकलेली आहे ती.

तेव्हापासून मासे घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगते, "ही जागा माज्या रोझूनं लावून दिलीय, पुन्याहून, कंप्युटरवर." आतलं पाणी तिच्याकडेच येतं, उतारच तसा आहे. ती पाय वर घेऊन बसते.

स्टेफी